चेंडू तोच कशावरून?

डिसेंबर २०२१मध्ये वानखेडे स्टेडियमवर एजाज पटेल या न्यूझीलंडच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं भारताच्या एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. ४७.५ षटकं, ११९ धावा, १० बळी. कसोटीत हे साधणारा तो जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतरचा तिसराच. एजाज जन्मानं मुंबईकर. घर जोगेश्वरीचं, १९९६मध्ये आईवडिलांबरोबर तो न्यूझीलंडला गेला. सामना भारतानंच जिंकला, त्यामुळे कौतुकात हात आखडता घ्यायचंही कारण नव्हतं. उपनगरांतल्या नाक्यांवर ‘आपला जोगेश्वरीचा पोरगा’ असं अभिमानानं बोललं गेलं.

सामन्यानंतर मुंबई क्रिकेट असोसिएशननं त्याचा सत्कार केला. त्यानं असोसिएशनच्या नियोजित संग्रहालयासाठी चेंडू आणि टी-शर्ट दिल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच पराक्रमाचा शर्ट ऑकलंडच्या स्टारशिप बालरुग्णालयाच्या मदतीसाठी लिलावात ठेवल्याची बातमी आली. यात कुठेही खोटेपणा नाही. कसोटी खेळाडूच्या बॅगेत एका सामन्यासाठी एकाहून जास्त शर्ट असतात, आणि एजाजनं हे बळी दोन दिवसांत घेतले: पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी सहा. दोन्ही शर्ट खरे असायला काहीच हरकत नाही. पण पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला दोन ठिकाणी दोन शर्ट दिसतील आणि दोन्हींपुढे ‘दहा बळींचा शर्ट’ असंच लिहिलेलं असेल. चेंडूचंही तसंच. भारताचा डाव १०९.५ षटकं चालला आणि कसोटीत ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो. तेव्हा ‘तो चेंडू’ म्हणताना कोणत्या षटकांतला, हे शेजारच्या चिठ्ठीवर हवं. आज हे विचारणं किरकिरेपणाचं वाटतं. पण विचारायची वेळ आजचीच आहे, कारण उत्तर देणारे पंच, गुणलेखक आणि खुद्द गोलंदाज आज हयात आहेत.

हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण वेल्समधलं आहे, आणि त्यात पैसा भारतीय गुंतला होता. ३१ ऑगस्ट १९६८ रोजी स्वान्सीच्या सेंट हेलन्स मैदानावर गॅरी सोबर्सनं ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅशला एका षटकात सहा षटकार मारले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. योगायोगानं बीबीसी वेल्सचा कॅमेरा मैदानावर होता, त्यामुळे त्या षटकाचं चित्रीकरण शिल्लक राहिलं. पाचव्या चेंडूवर रॉजर डेव्हिसनं झेल घेतला, पण तोल जाऊन तो सीमारेषेपलीकडे पडला आणि षटकार दिला गेला. सहावा चेंडू मैदानाबाहेर रस्त्यावर गेला.

त्या षटकातला म्हणून एक चेंडू २००६मध्ये लंडनच्या ख्रिस्तीज या लिलावघरात विक्रीला आला. सोबत सोबर्सच्या सहीचं प्रमाणपत्र होतं. एका भारतीयानं तो २६,४०० पौंडांना घेतला. क्रिकेटच्या चेंडूला तोवर एवढी किंमत कुणी मोजली नव्हती. लिलावघर नामांकित, प्रमाणपत्र खुद्द फलंदाजाचं. यापेक्षा जास्त खात्री ती कुठली हवी?

ग्रॅहॅम लॉइड या वेल्सच्या पत्रकारानं ती खात्री उसवायला घेतली आणि २०१३मध्ये त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचे मुद्दे साधे होते, म्हणूनच जबर होते. लिलावातला चेंडू ड्यूक कंपनीचा होता. ग्लॅमॉर्गन त्या हंगामात घरच्या सामन्यांना स्टुअर्ट सरिज कंपनीचे चेंडू वापरत असे. लिलावाच्या माहितीनुसार षटकात एकाहून अधिक चेंडू वापरले गेले आणि हा त्यांपैकी एक. चित्रीकरणात आणि गोलंदाजाच्या आठवणीत चेंडू एकच होता. तो चेंडू पुढे २०१२मध्ये बोनहॅम्सकडे पुन्हा विक्रीला आला, तेव्हा या शंकांमुळे तो मागे घेण्यात आला. इथे कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. सोबर्सनंही कागदावर प्रामाणिकपणेच सही केली असणार. पण तीन-चार दशकांनी समोर ठेवलेला लाल चेंडू ‘हाच तो’ हे फलंदाजानं ओळखायचं कसं? त्यानं तो सहा वेळा पाहिला, प्रत्येक वेळी क्षणभर, आणि सहाही वेळा दूर जाताना.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. आपल्याकडे तो बखर आणि अस्सल कागद यांचा पेच म्हणून शंभर-सव्वाशे वर्षं चर्चिला गेला आहे. राजवाड्यांनी बखरींवर तुटून पडताना मुख्य हरकत हीच घेतली होती, की त्या घटनेनंतर पुष्कळ काळानं, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिल्या गेल्या. घटनेच्या वेळी, वेगळ्याच कामासाठी लिहिलेलं साधं पत्र त्यांना अधिक मोलाचं वाटे. माझ्या मते खेळाडूच्या सहीचं प्रमाणपत्र ही बखर आहे आणि गुणपत्रिका हा अस्सल कागद. बाजारात मात्र भाव बखरीला येतो, कारण तिच्यावर सही ठसठशीत असते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४मध्ये साताऱ्याला आली, तेव्हा महाराष्ट्रानं हाच वाद मोठ्या प्रमाणावर पाहिला. ती वाघनखं साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून आलेली. ती त्याला पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाल्याचा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. म्हणजे तो मजकूर अफजलखानाच्या वधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. महाराजांनी वापरली ती हीच याची खात्री करता येत नाही, असं संग्रहालयानंच आपल्या नोंदीत म्हटलं होतं. कोल्हापूरचे अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी जाहीर आक्षेप घेतले. त्या वादात पडायचं हे ठिकाण नव्हे. मला त्यातली एकच गोष्ट इथे लावून पाहायची आहे. पेटीवरची अक्षरं खरी असू शकतात, वाघनखं जुनी असू शकतात, आणि तरीही या दोहोंमधून ‘तीच ती’ हे सिद्ध होत नाही.

अमेरिकेनं या प्रश्नाला व्यवहारी उत्तर शोधलं, पण पोळून निघाल्यावर. सॅन डिएगो पॅड्रेस संघाचा बेसबॉलपटू टोनी ग्विन याला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या दिसल्या. एफबीआयनं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावानं बनावट स्मृतिवस्तूंचा मोठा व्यापार उघडकीला आणला. त्यानंतर २००१मध्ये मेजर लीग बेसबॉलनं स्वतःची प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. तिचं मर्म असं, की वस्तू तपासून मत देणारा तज्ज्ञ तिथे नाहीच. तिथे साक्षीदार आहे. प्रत्येक सामन्याला नेमलेला माणूस, बहुधा निवृत्त किंवा रजेवरचा पोलीस, मैदानाजवळ बसतो. चेंडू खेळातून बाहेर काढला की तो त्याच्या डोळ्यांसमोर येतो. त्यावर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटवला जातो, जो काढायला गेलं तर फाटतो, आणि तो क्रमांक कोणत्या सामन्यातल्या कोणत्या क्षणाचा याची नोंद तिथल्या तिथे होते. चेंडू नजरेआड झाला, तर तो कितीही खरा असला तरी होलोग्राम मिळत नाही. हा पंचनामाच आहे. पोलिसांची निवड उगीच झालेली नाही.

प्रेक्षकांत जाणाऱ्या चेंडूंचं काय करायचं? १९९८मध्ये मार्क मॅग्वायर होमरनचा विक्रम मोडायच्या बेतात होता, तेव्हा त्याच्यासाठी वापरायच्या चेंडूंवर आधीच गुप्त खुणा करून ठेवल्या होत्या. त्याच्या सत्तराव्या होमरनचा चेंडू पुढे तीस लाख डॉलरला गेला. म्हणजे इतिहास घडण्याआधीच त्याच्या पुराव्याची तजवीज केली होती. आपल्याला हे जरा विनोदी वाटेल. पण आता वानखेडेवरची २ एप्रिल २०११ची रात्र आठवा.

धोनीनं कुलसेकराला मारलेला तो षटकार लाँग ऑनवरून प्रेक्षकांत गेला. एरवी प्रेक्षकांना चेंडू परत द्यावाच लागतो, कारण त्यानं पुढे खेळायचं असतं. तो चेंडू परत मागायचं मात्र कुणालाच कारण नव्हतं. सामना संपला होता, विश्वचषक जिंकला होता. पुढे असोसिएशननं तो जिथे पडला ती जागा नक्की केली आणि एप्रिल २०२३मध्ये तिथल्या विजयस्मारकाचं उद्घाटन धोनीच्याच हस्ते झालं. जागेच्या बाबतीत मला शंका नाही: चित्रीकरण आहे, खुर्च्या जागच्या जागी होत्या. चेंडू मात्र खिशातून घरी जातो, कपाटात पडतो, भेट दिला जातो. उद्या कुणी अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये ‘हा तो चेंडू’ म्हणून पुढे केला, तर मी आधी दोनच गोष्टी पाहीन. तो पांढरा कुकाबुरा हवा. आणि तो फार झिजलेला किंवा कोरा करकरीत नको, कारण त्या काळच्या नियमानं एकदिवसीय सामन्यात ३४ षटकांनंतर चेंडू बदलून वापरातला दुसरा स्वच्छ चेंडू देत. विजयी फटका बसला तो ४९व्या षटकात. या चाचणीत नापास होणारा चेंडू खोटा ठरेल. पास होणारा खरा ठरेलच असं नाही. भौतिक तपासणीची ताकद एवढीच, आणि विकणारे नेमकं हेच गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

त्याच सामन्यातली धोनीची बॅट मात्र निराळी. जुलै २०११मध्ये लंडनमधल्या धर्मादाय कार्यक्रमात ती एक लाख पौंडांना विकली गेली, घेणारी आर. के. ग्लोबल ही शेअर दलालीतली कंपनी. खेळाडूच्या हातातून थेट खरेदीदाराकडे, साडेतीन महिन्यांत. साखळीत कडी एकच, म्हणून तुटायला जागा नाही. गिनेस बुकानं तिची किंमत नोंदवली. मला या लहानशा साखळीचंच अप्रूप अधिक.

एरवी बॅट ही चेंडूपेक्षा फसवी वस्तू. तिच्यावरचं लेबल म्हणजे तिची जात नव्हे. सचिन तेंडुलकरच्या बॅटवर वर्षानुवर्षं एमआरएफ दिसलं, पण ती टायरची कंपनी. बॅट दुसरीकडे बनायची, स्टिकर वरून लागायचा. १९९६च्या विश्वचषकात तो कोणत्याही कंपनीचं नाव नसलेली बॅट घेऊन खेळला आणि सर्वाधिक, ५२३ धावा केल्या. त्या स्पर्धेतली म्हणून एमआरएफचा स्टिकर लावलेली बॅट कुणी आणली, तर पुढची तपासणी करायचे कष्ट वाचतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नैरोबीत शाहिद आफ्रिदीनं ३७ चेंडूंत शतक केलं ते सचिनच्या बॅटनं. तिच्यासारखी बॅट सियालकोटला बनवून घेण्यासाठी ती वकार युनूसकडे आली होती, असं आफ्रिदीनंच सांगितलं आहे. अशी बॅट बाजारात आली तर तिच्यापुढे नाव कुणाचं लिहायचं? दोघांचंही, आणि कोणत्या तारखेला कुणाचं तेही.

शिवाय बॅट दुरुस्त होते. दक्षिण मुंबईतले बॅट दुरुस्त करणारे अश्रफ चौधरी यांच्या हातून सचिनपासून परदेशी खेळाडूंपर्यंत अनेकांच्या बॅटी गेल्या. दांडा बदलायचा, तडा सांधायचा, बुंधा घासून वजन उतरवायचं, दोरा नव्यानं गुंडाळायचा. शतकाच्या दिवशीचा दांडा पुढच्या हंगामात नसतो. संग्राहक ‘मूळ अवस्थेत’ असा आग्रह धरतात, पण खेळाडूच्या दृष्टीनं जी बॅट चांगली, तीच पुन्हा पुन्हा दुरुस्तीला जाते. फारच मूळ अवस्थेत असलेली बॅट बहुधा फारशी खेळलेली नसते.

छायाचित्राशी वस्तू जुळवण्याची पद्धत गेल्या वीसेक वर्षांत पुढे आली. शर्टावरच्या शिवणीची वळणं, पट्ट्यांच्या टोकांची जागा, लाकडाच्या रेषा यांची ठेवण कोणत्याही दोन वस्तूंत सारखी नसते. बेब रूथचा १९३२च्या वर्ल्ड सिरीजमधला शर्ट अशा जुळणीच्या जोरावर ऑगस्ट २०२४मध्ये दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर गेला. ही पद्धत मला पटते, कारण छायाचित्र त्या दिवशीच निघालेलं असतं. ते अस्सल कागदाच्या जातीचं. आपल्याकडे तिचा सर्वांत चांगला प्रचारक योगायोगानं धोनीच निघाला. जिंकल्यावर यष्टी उपटून नेण्याची त्याची सवय सर्वांनी पाहिली आहे. कोणती यष्टी कोणत्या सामन्यातली हे तो लिहून ठेवत नाही. निवृत्तीनंतर जुन्या सामन्यांची चित्रफीत बघून, यष्टीवरच्या जाहिराती निरखून ते ठरवीन, असं त्यानं गमतीनं सांगितलं होतं. कल्पना बरोबर आहे. फक्त एका मालिकेतल्या सगळ्या यष्ट्यांवर जाहिरात एकच असते, एवढी अडचण आहे.

याच वानखेडेवर १० जानेवारी १९८५ रोजी रवी शास्त्रीनं बडोद्याच्या तिलक राजला सहा षटकार मारले. सोबर्सनंतरचा दुसरा. रणजी सामना, आजच्यासारखे वीस कोनांतून टिपणारे कॅमेरे तेव्हा नव्हते. तेव्हा त्या षटकातला चेंडू म्हणून कुणी काही आणलं, तर त्याला चित्राचा आधार मिळणं कठीण आणि साक्षीदारांची स्मृती चाळीस वर्षं जुनी.

साक्षीदाराची व्यवस्थाही अभेद्य नसते, हे अमेरिकेनंच दाखवलं. न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू एलाय मॅनिंग याचा २०१०चा एक ई-मेल न्यायालयात गाजला. सामन्यात वापरल्यासारखी वाटतील अशी दोन हेल्मेटं त्यानं सामान सांभाळणाऱ्याकडे मागितली होती. संग्राहकांनी २०१४मध्ये दावा लावला. मॅनिंगनं गैर काही केल्याचं नाकारलं आणि खटला उभा राहण्याआधी, मे २०१८मध्ये, तडजोड झाली. कायद्याचा निकाल त्यामुळे लागलाच नाही. पण संग्राहकांचा विश्वास ज्या शब्दावर होता तो खेळाडूचा शब्दच वादात सापडला. खोटेपणा प्रत्येक वेळी गल्लीतल्या ठगाकडूनच येतो असं नाही. ज्याची सही आपण मागतो तोही त्या व्यवहारात एक पक्ष असतो.

आणि नुसता अस्सलपणाही पुरत नाही. हॉकीपटू बलबीरसिंग सीनियर यांनी १९८५मध्ये छत्तीस पदकं, मेलबर्न ऑलिंपिकचा कर्णधाराचा ब्लेझर आणि छायाचित्रं स्पोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे, व्हायच्या संग्रहालयासाठी सोपवली. देणारा स्वतः खेळाडू, घेणारी सरकारी संस्था. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या निमित्तानं त्या वस्तूंची चौकशी झाली, तेव्हा त्या सापडेनात. मे २०२०मध्ये बलबीरसिंग गेले, तोवर त्या परत मिळाल्या नव्हत्या. उद्या त्यातलं एखादं पदक कुठल्या लिलावात दिसलं, तर ते अस्सल असेल आणि तरीही विकणाऱ्याचं नसेल.

मुंबईच्या उपनगरांत हा सगळा विषय सध्या एका वेगळ्याच घाईत सापडला आहे. गिरगाव-दादरचे जुने क्लब क्रिकेटपटू साठ-सत्तरच्या दशकांत घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला राहायला गेले. त्यांच्या इमारती आता पुनर्विकासात पडताहेत. माळ्यावरची किटबॅग भाड्याच्या तात्पुरत्या घरात मावत नाही. मुलं परदेशात, मग काही वस्तू भंगारात जातात, काही ‘विंटेज’ म्हणून विकल्या जातात, आणि विकताना त्यांच्याभोवती कथा वाढते. कांगा लीगमधली बॅट रणजीतली होते, रणजीतली कसोटीतली.

अशीच एक वस्तू पाहायला मला घाटकोपरच्या एका कुटुंबानं बोलावलं होतं. लाकडी बैठकीवर बसवलेला चेंडू, भोवती चांदीची पट्टी, पट्टीवर कांगा लीगमधल्या एका जुलैतल्या सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी क्लबाचं नाव आणि बळी-धावांचे आकडे. हा चेंडू आजोबांनी टाकलेला, असं घरात सांगत आलेले. १९४८पासून चालत आलेली कांगा लीग पावसाळ्यातच खेळली जाते. चिखल, ओलं गवत, पाणी पिऊन फुगलेलं चामडं. समोरचा चेंडू गुळगुळीत होता, शिवण उभी, कारखान्याचा सोनेरी ठसा अर्धाअधिक वाचता येणारा. त्या काळच्या वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या धावफलकात मात्र तारीख, क्लब आणि आकडे तंतोतंत जुळले.

म्हणजे चेंडू त्या सामन्यातला नव्हे, आणि पट्टी शंभर टक्के खरी. क्लबानं समारंभासाठी नवा चेंडू आणून मढवला असणार. खेळलेला चेंडू मढवण्याजोगा उरलाच नसेल. १९२६मध्ये बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी अकरा षटकारांसह १५३ केल्या, तेव्हा एमसीसीनं त्यांना चांदीची बॅट दिली. तिनं कुणी खेळलं होतं असं कुणाला वाटत नाही, तरी ती त्या खेळीची खूण आहेच. घाटकोपरच्या चेंडूची जात तीच.

कुटुंबातल्या आजी सगळं शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “तो चेंडू आणायला दुकानात मीच गेले होते यांच्याबरोबर. कुणी विचारलंच नाही कधी.” मी तारीख घालून त्यांचं म्हणणं कागदावर उतरवलं, त्यांची सही घेतली आणि कागदाची एक प्रत बैठकीच्या तळाशी चिकटवायला दिली.